दहा-नऊ

आमच्या भंडारा जिल्ह्यात कोण जिंकलं हे ठरवायला सहसा फार डोकं लागत नाही. लाखनीच्या शंकरपटात एक बैलजोडी पुढे निघाली की अख्खं रान ओरडतं. कुस्तीच्या दंगलीत पाठ मातीला लागली की विषय मिटला. एकच गोष्ट तिघांनी डोळ्यांदेखत पाहायची, तिघांनी वेगळा निकाल द्यायचा आणि तरीही तिघं प्रामाणिक असायचे, असाही एखादा खेळ असतो हे मला कळलं ते जवाहरनगरच्या एका माजी सैनिकामुळे. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. कॉलनीतही त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. सगळ्यांचे ते हवालदारकाका.

जवाहरनगरची ऑर्डनन्स फॅक्टरी १९६४ सालची. माझे वडील तिथे कामगार होते. फॅक्टरीच्या भोंग्यावर घरातला कुकर चढायचा आणि उतरायचा. क्वार्टरच्या एका बाजूला बंगाली, दुसऱ्या बाजूला मल्याळी, मागे पंजाबी, आणि बाजारहाट ठाणा पेट्रोल पंप म्हणतात त्या ठिकाणी. काका मूळचे पवनीकडचे. महार रेजिमेंटमधून निवृत्त झाल्यावर डी.एस.सी.त, म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये, भरती होऊन फॅक्टरीच्या गेटवर पहाऱ्याला आले होते. पलटणीत असताना ते वेल्टरवेटमध्ये खेळले होते. डाव्या हाताचं मनगट दुखावल्यावर खेळणं थांबलं, आणि मग कंपन्या-कंपन्यांच्या सामन्यांत त्यांना रिंगणाशेजारच्या खुर्चीवर गुण लिहायला बसवू लागले. ठोसे मारले त्यापेक्षा मोजले जास्त, असं ते स्वतःच सांगत.

१९८७ च्या पावसाळ्यात कामठीच्या छावणीतल्या एका जुन्या सोबत्याने त्यांना एक व्हिडिओ कॅसेट दिली. ६ एप्रिलला लास वेगासमध्ये झालेली मार्विन हॅगलर आणि शुगर रे लिओनार्ड यांची लढत. कॉपीवरून काढलेली कॉपी, चित्रात मुंग्या. भाड्याचा व्ही.सी.आर. एका रात्रीसाठी आणलेला. मी काकूंकडे डबा परत द्यायला गेले होते. काका आणि शेजारचे बंगाली काका कागद घेऊन बसले होते आणि त्यांचं अडलं होतं ते तिसऱ्या माणसावाचून. पंच तीन लागतात.

“बस अठी,” काका म्हणाले. “या दोघांत कोन जितला तुले माहीत आहे का?”

मी नाही म्हटलं. मला दोघांपैकी एकाचंही नाव माहीत नव्हतं.

“मग तुझा कागद सगळ्यात खरा. आमाले निकाल माहीत आहे, आमचे डोरे बाटले.”

दहावीतल्या मुलीला तोवर कोणत्याही मोठ्या माणसाने असं काही सांगितलं नव्हतं. घरात माझं मत भाजीपुरतं विचारलं जाई.

नियम त्यांनी पाच मिनिटांत सांगितले. फेरी तीन मिनिटांची. फेरी जिंकली त्याला दहा, हरला त्याला नऊ. कोणी खाली पडला तर साधारण दहा-आठ. पुढची घंटा होण्याआधी आकडा लिहून झाला पाहिजे आणि मागची फेरी पुन्हा उघडायची नाही. लिहायचं पेनने. बेरीज शेवटी, मध्ये नाही, कारण बेरीज कळली की माणूस हिशेब जुळवायला लागतो. टीव्हीचा आवाज बंद. समालोचक हा चौथा पंच, आणि त्याला खुर्ची दिलेली नाही. बोलायचं नाही. बोलायचं ते सगळं बाराव्या फेरीनंतर.

बघायचं काय, तेही त्यांनी क्रमाने सांगितलं: स्वच्छ लागलेला ठोसा आधी, मग कामाची आक्रमकता, मग रिंगण कोणाच्या हुकमतीत आहे ते, मग बचाव. यातला ‘कामाची’ हा शब्द त्यांचा. नुसता पुढे पुढे चालत जाणारा गडी आक्रमक दिसतो, पण चालता चालता तोंडावर खात असेल तर त्याला कशाचे गुण द्यायचे?

त्या रात्री मी लिओनार्डला ११५-११३ दिले. काकांनी तेच आकडे उलटे, हॅगलरला. बंगाली काकांचे ११४-११४. बारा फेऱ्यांत कोणी पडलं नसेल तर ११५-११३ म्हणजे सात फेऱ्या एकाच्या, पाच दुसऱ्याच्या. म्हणजे माझ्या आणि काकांच्या बेरजेत दोन फेऱ्यांचं अंतर होतं, आणि त्या दोन फेऱ्यांवर आम्ही पुढची पंचवीस वर्षं भांडलो.

प्रत्यक्ष निकालही असाच फाटलेला होता. एका पंचाचे ११५-११३ हॅगलरला, दुसऱ्याचे ११५-११३ लिओनार्डला, आणि तिसऱ्या, होहो गेरा नावाच्या पंचाचे ११८-११० लिओनार्डला. या शेवटच्या आकड्यावर जगभर टीका झाली. लिओनार्ड जिंकला. हॅगलर पुन्हा कधीच व्यावसायिक लढतीला उतरला नाही.

काकांचा मुद्दा पक्का होता. लिओनार्ड फेरीच्या शेवटच्या तीस सेकंदांत ठोशांची झड लावतो, लोक उभे राहतात, पंचाच्या डोक्यात तेवढंच उरतं. “पयले अडीच मिनिटं कोठी गेले?” माझं म्हणणं असं की हॅगलर मूळचा डावखुरा, आणि सुरुवातीच्या फेऱ्यांत तो उजव्या पवित्र्याने उभा राहिला. त्या फेऱ्या त्याने हाताने दान दिल्या. दान दिलेलं परत मागता येत नाही.

पण मला सांगायचं आहे ते पुढचं. भांडण झाल्यावर काकांनी आपली जाड वही काढली. पलटणीतल्या दिवसांपासूनच्या लढती तिच्यात तारखेनिशी होत्या. त्यांनी हॅगलर-लिओनार्डचं पान काढलं, स्वतःचे आकडे लिहिले, खाली बंगाली काकांचे आणि त्याखाली माझे, माझ्या पूर्ण नावासकट. खोडलं नाही, कंसात टाकलं नाही, ‘पोरीचं मत’ असं लिहिलं नाही. तीन ओळी, एकाच शाईत. माझ्यावर काकांचं जे देणं आहे ते त्या तिसऱ्या ओळीपासून सुरू होतं.

मग कॅसेटी येत राहिल्या. लिओनार्ड हा मुळात वेल्टरवेटचा, १४७ पौंडांचा, म्हणजे जेमतेम साडेसहासष्ट किलोंचा. काकांच्या मते खरी लढत याच वजनात बघावी. त्याहून हलका गडी वेगवान असतो पण ठोशात जीव कमी, त्याहून जड असेल तर एका ठोशात खेळ संपतो आणि पंचाला काम उरत नाही. या वजनात दोन्ही असतं. म्हणून वेल्टरवेटच्या लढती गुणांवर जास्त अडतात, असा त्यांचा सिद्धान्त होता. आकडेवारीने तो टिकेल की नाही, देव जाणे. पण त्यांच्याकडे उदाहरणं होती. २० जून १९८० ला माँट्रियलमध्ये रोबेर्तो दुरानने लिओनार्डला पंधरा फेऱ्यांत हरवलं ते १४५-१४४, १४८-१४७ आणि १४६-१४४ असं. तीनही पंच एका बाजूने, आणि तीनही कागदांवर फरक एक-दोन गुणांचा. त्यातलं १४८-१४७ हे आधी १४७-१४७ म्हणून जाहीर झालं होतं, बेरीज चुकली होती. आमच्याकडून बेरीज दोनदा करून घ्यायची त्यांची सवय या गोष्टीतून आली होती.

आणि १६ सप्टेंबर १९८१ ची लिओनार्ड-हर्न्स. तेराव्या फेरीअखेर तीनही पंचांकडे लिओनार्ड मागे होता. चौदाव्या फेरीत त्याने हर्न्सला दोरांवर गाठलं आणि रिंगणातल्या पंचाने लढत थांबवली. “पंचाच्या कागदावर भरोसा नसन तर इलाज हा एकच,” एवढं बोलून काका गप्प बसत.

एका सुट्टीच्या दिवशी कॉलनीच्या मैदानात त्यांनी एक प्रयोग केला. दोन पोरांना हातमोजे घालून तीन फेऱ्या खेळवलं आणि चुन्याने आखलेल्या चौकोनाच्या तीन बाजूंना मला आणि आणखी दोन मुलांना पंच म्हणून बसवलं. निकाल तीन आले. मी ज्याला जिंकवलं होतं त्याचे ठोसे समोरच्या बाजूला बसलेल्या मुलाला हवेत दिसले होते, कारण माझ्या बाजूने त्याची पाठ आड आली होती आणि पाठीमागून प्रत्येक हात लागल्यासारखा वाटतो. मग काकांनी आम्हाला जागा बदलून पुन्हा बसवलं. टीव्हीवर बघून पंचांना चोर म्हणणाऱ्या लोकांना हा प्रयोग एकदा दाखवायला हवा. कॅमेरा ज्या जागेवरून बघतो तिथे एकाही पंचाची खुर्ची नसते.

अर्थात, चोरीही असते. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये रॉय जोन्स या अमेरिकी पोराने अंतिम लढतीत पार्क सि-हुन या कोरियन खेळाडूला ८६ ठोसे लगावले आणि ३२ खाल्ले. निकाल ३-२ असा पार्ककडे गेला. काका त्या दिवशी जेवले नाहीत, असं काकूंनी आईला सांगितलं. त्या गोंधळानंतर ऑलिंपिकमध्ये यंत्र आलं: पाच पंच, प्रत्येकापुढे बटणं, आणि तिघांनी एका सेकंदाच्या आत दाबलं तरच गुण. १९९२ ते २०१२ हे असंच चाललं. काकांना यंत्राचा राग होता. बटणाला फेरी दिसत नाही, फक्त हात दिसतो, असं ते म्हणत. सोल पाहून जेवण टाकणाऱ्या माणसाने पुन्हा माणसाच्याच कागदाची बाजू घ्यावी हे मला तेव्हा विचित्र वाटायचं. आता तितकं वाटत नाही.

मी डी.एड. करून शिक्षिका झाले. काका नोकरी संपवून पवनीला गेले आणि मी सुट्टीत एस.टी.ने त्यांच्याकडे जायला लागले. वैनगंगेच्या काठावरच्या त्या गावात कोणी स्तूपांचे अवशेष बघायला जातं, कोणी घाटावर. मी जायची ती गुणांचे कागद घेऊन. पर्नेल व्हिटेकर आणि ज्युलिओ सीझर चावेझ, १० सप्टेंबर १९९३: दोन पंचांचे ११५-११५, एकाचे व्हिटेकरला ११५-११३, लढत बरोबरीत. टेक्सासमधलं स्टेडियम चावेझच्या चाहत्यांनी भरलेलं होतं. आवाज बंद करून आम्ही दोघांनी वेगवेगळे बसून लिहिलं आणि व्हिटेकर दोघांच्याही कागदावर आरामात जिंकला. मग काकांनी आवाज वाढवून तीच लढत पुन्हा लावली. चावेझचा ठोसा हवेत गेला तरी स्टेडियम गर्जत होतं. मला वाटतं, पंच म्हणून मला मिळालेला सगळ्यात मोठा धडा तो.

१८ सप्टेंबर १९९९ च्या ऑस्कर डी ला होया आणि फेलिक्स ट्रिनिडाड लढतीत डी ला होयाने आपण पुढे आहोत असं मनाशी धरलं आणि शेवटच्या फेऱ्या पळून काढल्या. पंचांचे आकडे ११५-११३, ११५-११४ ट्रिनिडाडला, आणि ११४-११४. काकांचेही ११४-११४. माझा डी ला होया एका फेरीने पुढे होता. “बाई, तू त्याच्या पयल्या नऊ फेऱ्यांच्या प्रेमात पडली,” ते म्हणाले. असेल. वहीत तेही तसंच नोंदलं गेलं.

हे सगळं शाळेत कुठे उपयोगी पडलं, असं कोणी विचारलं तर एक प्रसंग सांगते. जिल्ह्यातल्या एका गावात वक्तृत्व स्पर्धेला मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. भाषणं संपली, मी गुणपत्रिका दिली. थोड्या वेळाने आयोजकांपैकी एक जण ती घेऊन परत आला. पहिला क्रमांक ‘थोडा बघून घ्या’ म्हणाला, देणगीदारांच्या घरचं मूल दुसरं आलं होतं. मी कागद त्याच्यापुढे धरला. प्रत्येक भाषणानंतर लगेच लिहिलेले आकडे होते, पेनने, खाली सही. बदलायचं तर खोडावं लागलं असतं आणि ती खाडाखोड सगळ्यांना दिसली असती. तो माणूस निघून गेला. मला त्यानंतर तिथे बोलावणं आलं नाही. धैर्य वगैरे काही नव्हतं त्यात. काकांनी पेनची सवय लावली होती आणि त्या सवयीनेच परस्पर काम केलं. बोर्डाचे पेपर तपासतानाही मी बेरीज शेवटीच करत आले. पस्तिसाला दोन कमी पडतात हे आधी कळलं की हात ते दोन गुण शोधायला लागतो.

२०१२ साल आमच्यासाठी फार भरगच्च गेलं. जूनमध्ये टिमोथी ब्रॅडलीला मॅनी पॅकियाओविरुद्ध दोन पंचांनी ११५-११३ देऊन वेल्टरवेटचा विजेता ठरवलं आणि मी फोनवर काकांशी तावातावाने बोलले. ऑगस्टमध्ये लंडन ऑलिंपिक. ६९ किलो, म्हणजे तिथलं वेल्टरवेट. आपला हरयाणाचा विकास कृष्णन अमेरिकेच्या एरॉल स्पेन्सविरुद्ध १३-११ ने जिंकला. काही तासांत अमेरिकेची तक्रार मान्य होऊन निकाल फिरला, स्पेन्स १५-१३. कारण असं दिलं गेलं की विकासने तिसऱ्या फेरीत नऊ वेळा प्रतिस्पर्ध्याला धरलं, दुसऱ्या फेरीत मुद्दाम तोंडातलं गार्ड थुंकलं, आणि रिंगणातल्या पंचाने ताकीद देऊन स्पेन्सला किमान चार गुण द्यायला हवे होते.

देशभर अन्यायाची ओरड झाली. मीही त्यातच होते. काकांनी फोनवर एवढंच विचारलं: “त्यानं धरलं का नाही?” धरलं होतं. “मग ताकीद तवाच देयाची होती. लढत झाल्यावर नाही. दोघायवर अन्याव झाला.” आपल्या देशाच्या पोराबद्दलही माणूस असं बोलू शकतो, हे ऐकायला तेव्हा कडू लागलं.

न झालेल्या लढतींचीही वहीत वेगळी पानं होती. तिथला नियम असा: कोण जिंकेल, कसं, साधारण कोणत्या फेरीत, आणि कारण एका ओळीत. दोन ओळी झाल्या तर ते कारण नाही, वकिली. फ्लॉइड मेवेदर आणि पॅकियाओ ही लढत २००९ च्या अखेरीला ठरता ठरता रक्तचाचणीच्या वादावरून फिसकटली, तेव्हापासून आमचं पान उघडं होतं. काकांनी लिहिलं होतं: मेवेदर, गुणांवर, पाहणाऱ्यांना मजा येणार नाही. माझं: पॅकियाओ, डाव्या हाताने, नवव्या फेरीत. लढत व्हायला २ मे २०१५ उजाडलं. मेवेदर ३८ चा, पॅकियाओ ३६ चा. ११८-११०, ११६-११२, ११६-११२, मेवेदर, आणि मजा कोणालाच आली नाही. काका त्याच्या आदल्या हिवाळ्यात गेले होते. वही त्यांच्या नातवाकडे आहे, तिथेच ती असावी. निकालाची नोंद मी माझ्या वहीत केली.

त्यानंतरच्या बऱ्याच गोष्टी त्यांना आवडल्या असत्या. टोकियो ऑलिंपिकमध्ये त्यांच्याच वजनात, ६९ किलोत, लव्हलिना बोर्गोहाईंचं कांस्य. त्याच स्पर्धेत मेरी कोमचा पराभव, ज्यात शेवटच्या दोन फेऱ्या बहुमताने तिच्या होत्या, पण पहिली ४-१ ने गेल्याने एकूण निकाल ३-२ विरुद्ध लागला. हे गणित लोकांना समजावताना मला शाळेचा फळा लागला होता. नागपूरच्या अल्फिया पठाणने २०२१ मध्ये पोलंडला जागतिक युवा स्पर्धेत सुवर्ण मिळवलं, ते तर अगदी शेजारचं. पॅरिसला निशांत देव पहिली फेरी घेऊन मेक्सिकोच्या मार्को वेर्देकडून १-४ असा हरला, तेव्हा माझ्या कागदावर निशांत पुढे होता. आजही आहे. पण माझी खुर्ची टीव्हीसमोर होती, हेही तिथेच लिहून ठेवलं आहे.

विकासविरुद्ध निकाल फिरवून घेणारा तोच स्पेन्स पुढे वेल्टरवेटचा जगज्जेता झाला आणि २९ जुलै २०२३ ला टेरेन्स क्रॉफर्डने त्याला तीन वेळा खाली पाडून नवव्या फेरीत संपवलं. त्या लढतीत पंचांची गरजच पडली नाही. गरज पडली ती १९ जुलै २०२५ ला, ४६ वर्षांचा पॅकियाओ वेल्टरवेटच्या किताबासाठी मारिओ बॅरिओसपुढे उभा राहिला तेव्हा. दोन पंचांचे ११४-११४, एकाचे बॅरिओसला ११५-११३, लढत बरोबरीत, किताब बॅरिओसकडेच राहिला. समाजमाध्यमांवर म्हाताऱ्याला लुटल्याची बोंब. पॅकियाओ माझा जुना लाडका, म्हणून मी मुद्दाम आवाज बंद ठेवला होता. माझे ११४-११४. शेवटच्या फेऱ्या बॅरिओसच्या होत्या.

आमच्या जिल्ह्यात शालेय मुष्टियुद्ध स्पर्धा होतात, मुलंमुली हातमोजे घालून उतरतात, त्यांना शिकवणारेही मिळतात. गुण लिहायला मात्र शिकवत नाही कोणी. क्रीडा शिक्षकांना आणि प्रशिक्षकांना माझी विनंती आहे: सरावाच्या लढतीत रिंगणाच्या तीन बाजूंना तीन मुलं बसवा, त्यात एखादी तरी मुलगी असू द्या, हातात पेन द्या, आणि तिचे आकडे तुमच्या आकड्यांच्या खाली, तिच्या पूर्ण नावासकट, नोंदवून ठेवा.